बेचाळीस जणींचं एकच उत्तर

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती वाळलेल्या चिखलाच्या वासासकट. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, एकदा तर खुद्द ठाण्याच्या आवारातून जप्तीची सायकल चोरीला गेली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ते मात्र लक्षात राहिलं. नाव कोणाचंही सांगणार नाही. त्यातली बहुतेक माणसं हयात आहेत आणि दोघा-तिघांकडे मी अजून चहाला जातो.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. जिल्ह्याचा मोठा तुकडा गेला, पण टपाल तेवढंच राहिलं. हे गणित मला कोणी समजावून दिलं नाही. मी भंडारा शहरात ठाणेदार होतो. जानेवारीतल्या एका सकाळी हजेरी आटोपून बसलो, तोच नागपूरच्या एका कंपनीचे व्यवस्थापक आले. गळ्यात टाय, मागे फाइल धरायला एक माणूस, आणि त्याच्या मागे फाइल धरणाऱ्याची बॅग धरायला आणखी एक. तक्रार अर्ज नऊ पानांचा, टाइप केलेला होता. शेवटी कलमंही त्यांनीच घालून आणली होती, फसवणुकीचं आणि बनावट दस्तऐवजाचं. रोग्यानं स्वतःच औषधाचं नाव सांगितलं की डॉक्टरला जे वाटतं, तेच तक्रारदारानं कलम सांगितलं की आम्हाला वाटतं. पण अर्ज वाचल्यावर मला मान्य करावं लागलं की माणूस वायफळ बोलत नव्हता.

ही कंपनी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारी यंत्रं भाड्यानं देत असे. मोहाडी तालुक्यात यंत्रं आणायच्या आधी ती इथे चालतील का, हे पाहण्याचं काम त्यांनी भंडाऱ्यातल्या एका आर्थिक संशोधन आणि सल्ला देणाऱ्या संस्थेला दिलं होतं. संस्थेनं पावसाळ्यात सात-आठ गावांत पाहणी केली आणि दिवाळीनंतर अहवाल दिला. त्यातल्या करडी भागातल्या एका गावाबद्दल अहवालाचं म्हणणं असं, की तिथे सध्या यंत्र आणू नये. रोवणीच्या बायांची टोळी एकजूट आहे, तिला दुखवून कोणी शेतकरी यंत्र लावणार नाही. आता कंपनी नेमकी त्याच गावातून सुरुवात करणार होती. व्यवस्थापकांनी तसं वरच्यांना कळवूनही टाकलं होतं. त्यांची खुर्ची हलत होती, हे अर्जात लिहिलेलं नव्हतं, पण ते ज्या पद्धतीनं रुमाल घडी करत होते त्यावरून दिसत होतं.

त्यांनी करारातल्या अटीप्रमाणे मूळ फॉर्म मागवले. त्या गावचे बेचाळीस फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले. सगळ्यांवर एकच हस्ताक्षर, एकाच पेनाची शाई, एकच तारीख. कागदाला ना घडी ना डाग. प्रश्न होता, रोवणीचं यंत्र आलं तर तुम्ही काय कराल? बेचाळीसही फॉर्मवर उत्तर होतं : “बाकीच्या जणी करतील तेच करीन.”

“माणसं अशी बोलतात का, इन्स्पेक्टर?” व्यवस्थापक म्हणाले.

वरातीतल्या मारामारीचे साक्षीदार हुबेहूब असेच बोलतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. अर्ज आवक करून घेतला आणि आधी प्राथमिक चौकशी करतो म्हणालो.

संस्थेचं कार्यालय भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, वरच्या मजल्यावर होतं. खाली पितळेवर ठोके पडत असत आणि वर दोन खोल्यांत जिल्ह्याचं अर्थकारण चाले. पाटी मात्र जिन्याहून रुंद होती : ‘स्वतंत्र आर्थिक संशोधन व सल्ला केंद्र’. संचालक पूर्वी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी हे काढलं होतं. गावात सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पाट्यांवरच्या मोठ्या शब्दांची मला जुनी अॅलर्जी आहे. मी विचारलं, स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

“ग्राहकापासून,” सर म्हणाले. “बाकीच्यांपासून स्वतंत्र राहणं सोपं असतं.”

माणूस पाटीपेक्षा लहान नव्हता. त्यांच्याकडे बँका येत, सहकारी संस्था येत, महिलांचे शिवणवर्ग चालवणारी मंडळं येत. आपलं काम खरोखर कोणाच्या उपयोगी पडलं का, हे त्यांना जाणून घ्यायचं असे. एका धान्य व्यापाऱ्याला सरांनी सांगितलं होतं, की या पट्ट्यात आणखी एक राईस मिल काढलीत तर निम्मं वर्ष भरडायला धान मिळणार नाही. व्यापाऱ्याला हे रुचलं नाही. त्यानं नागपूरहून दुसरा सल्ला आणला, त्यात रंगीत चित्रं होती. मी गेलो तेव्हा त्या मिलच्या इमारतीत मंडप-डेकोरेशनचं सामान ठेवलेलं असे.

भिंतीवर सरांनी आपल्या प्रगणकांसाठी, म्हणजे घरोघरी फॉर्म भरणाऱ्यांसाठी, नियम लिहून लावले होते. तिसरा नियम मला आवडला : ‘जागेवर भरलेला फॉर्म हाच फॉर्म. उतरवून काढलेला फॉर्म म्हणजे पढवलेला साक्षीदार.’ मी बेचाळीस फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पाच-सहा उलटले आणि चष्मा काढला. हस्ताक्षर आपल्याकडच्या एका प्रगणक मुलीचं आहे, पण ती घरी बसून खोटे भरणार नाही, असं ते म्हणाले. चार वर्षं तिचं काम पाहिलं होतं. हे काम तपासलंत का, असं मी विचारलं. दर दहा फॉर्मांमागे एका घरी परत जाऊन खातरजमा करायची त्यांची पद्धत होती. या गावात ती केलेली नव्हती, कारण ग्राहकाला अहवालाची घाई होती. सबब सांगायची म्हणून नव्हे, चूक कबूल करायची म्हणून त्यांनी हे सांगितलं. अशी माणसं ठाण्यात क्वचित येतात.

त्या मुलीचं नाव ऐकल्यावर मला आठवलं, ते मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. माझ्याच टेबलावर, डाव्या हाताच्या गठ्ठ्यात. तिची ग्रामसेवक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीसाठी कागद आमच्याकडे आला होता. शहराच्या कडेच्या एका वस्तीत तिचं घर. बाप वरठीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. घराण्यात सरकारी नोकरी लागणारी ती पहिलीच. पडताळणीच्या कागदावर एक रकाना असतो : ‘गुन्हा दाखल आहे काय?’ त्या रकान्यात मी काय लिहितो, त्यावर तिची नोकरी टांगलेली होती. आणि व्यवस्थापकांचा अर्ज उजव्या हाताला होता.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. वरठी स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर विचारा, म्हणाला; ती पोरगी तीन दिवस तिथे बसून फॉर्म भरत होती. मी आमच्या जुन्या हवालदाराला पाठवलं. तीस वर्षं नोकरी झालेला, चालायला मंद आणि निष्कर्षाला चपळ असा तो गडी. टपरीवाल्याला मुलगी पक्की आठवत होती. तिथून हवालदार मोटारसायकलनं गावात गेला, फॉर्मवरच्या नावांची घरं शोधली आणि संध्याकाळी अहवाल दिला : सदर इसम मिळून आले नाहीत, घरांस कुलपे.

“सायेब, लावून टाकू गुन्हा,” तो म्हणाला. “गाव बंद, पोट्टी टपरीवर. आता अजून काय पायजे?”

नेहमीच्या हिशेबानं त्याचं चुकत नव्हतं. हस्ताक्षर एक, घरं बंद, टपरीवरचा साक्षीदार. याहून कमी पुराव्यावर आम्ही लोकांना आत बसवलं आहे. पण डाव्या हाताचा गठ्ठा मला दिसत होता. एक दिवस थांब, म्हणालो.

मुलगी बापाबरोबर आली. बाप ड्युटी बुडवून आला होता आणि बस म्हटलं तरी बसत नव्हता. सरही आले होते; त्यांना मी बाहेर बाकावर थांबवलं. महिला शिपायाला जवळ बसवून जबाब सुरू केला. नाव, वय, शिक्षण हे मुलीनं नीट सांगितलं. गावात गेली होती का? गेली होती. फॉर्म गावातच भरले का? गावातच भरले. वरठीच्या टपरीवर बसली होती का?

“नाही, साहेब.”

बापानं चटकन तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याकडे पाहू नये, त्याच्या शेजारच्याकडे पाहावं, हे मला माझ्या पहिल्या फौजदारानं शिकवलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, बेटा, टपरीवाल्याला तू साखर कमी घेतेस हेसुद्धा आठवतं.

ती रडली नाही. दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, “सरांना सांगू नका.”

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोलीस ठाण्यात, माझ्या समोर, दोन कलमांच्या सावलीत बसून ती मुलगी भीत होती भिंतीवरच्या तिसऱ्या नियमाला. माणूस कशाला भितो हे कळलं की अर्धा तपास होतो, आणि बहुतेक वेळा तो कायद्याला भीत नसतो.

मग सगळं आलं. गावात ती खरंच गेली होती, पण पावसाळी रोवणीच्या भरात. घरी कोणी नव्हतंच. म्हणून ती शेतावर गेली आणि एका दिवसात, दुपारच्या सुटीत आणि काम सुटल्यावर, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून, टोळीतल्या बेचाळीस बायांचे फॉर्म भरले. सरांचा आणखी एक नियम होता, की ज्याचं बोलणं लिहिलं त्याला तो कागद हातात द्यायचा, वाचता येवो न येवो. तिनं तो पाळला. बाया बांधीतून, म्हणजे धानाच्या चिखलातून, थेट वर आलेल्या. प्रत्येकीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला. गठ्ठा तयार झाला तो शेणाच्या गोवरीसारखा. सरांनी निघताना बजावलं होतं, की ग्राहक मोठा आहे, काम स्वच्छ दिसलं पाहिजे. असले कागद टायवाल्यांच्या हातात कसे द्यायचे, या लाजेनं तिनं कोरे फॉर्म घेतले आणि तीन संध्याकाळ वरठीला बापाची पाळी सुटेपर्यंत टपरीवर बसून, अक्षर न बदलता, सगळे उतरवून काढले. मग बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी.

“आणि ते चिखलाचे कुठे आहेत?”

“घरी आहेत. त्या बायांचं बोलणं आहे त्यात, साहेब. फेकवलं नाही.”

आम्ही लगेच पंच घेऊन तिच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली तिची पुस्तकं, आणि खुर्ची एकच. ती मला देण्यात आली. आईनं माळ्यावरून खताची रिकामी थैली काढली. आत जुनं वर्तमानपत्र, आणि त्यात तो गठ्ठा. वाळून कडक झालेला. एकेक कागद सोडवताना मातीचे पापुद्रे जमिनीवर पडत होते आणि सहा महिन्यांपूर्वीच्या बांधीचा वास खोलीत पसरत होता. प्रत्येक कागदाच्या कडेला अंगठा होता. शाईचा नाही, चिखलाचा. कुठे रुंद, कुठे भेगाळलेला, एकीचं अर्धं नख नाहीसं झालेलं. ठसे वाचायला तज्ज्ञ लागतो, पण हे बेचाळीस वेगळे हात आहेत हे पाहायला चष्मा पुरे होता. मी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पडताळले. शब्दाला शब्द जुळत होता.

आमचा हवालदार बराच वेळ त्या अंगठ्यांकडे पाहत होता. मग म्हणाला, “खबर त खरी होती, सायेब.” होतीच; देणारा कोण, ते मात्र कधी कळलं नाही. खबर खरी आणि अर्थ खोटा, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे.

गुन्हा तिथेच संपला होता. मी व्यवस्थापकांना बोलावून ते कागद दाखवले. त्यांनी एक फॉर्म दोन बोटांत धरला. पाहिल्यावर मात्र त्यांनी बनावटपणाचा हट्ट धरला नाही. ते एवढंच म्हणाले, की मुलीनं खोटं लिहिलं नसेल, पण बेचाळीस माणसांचं मन एक असू शकत नाही. हे उत्तर खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हा गृहस्थ पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. पण तो बरोबर होता. न आवडणारा माणूस बरोबर असतो तेव्हा ते कबूल करणं पोलिसाला फार जड जातं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. तिकडच्या ठाण्याला कळवलं आणि सकाळी सहालाच निघालो. गाव दुपारी बंद का होतं, हे चौकातल्या पहिल्याच म्हाताऱ्यानं सांगितलं. कालव्याचं पाणी मिळणाऱ्या गावांत उन्हाळी धानाची रोवणी सुरू होती आणि टोळी पहाटेच मेटॅडोरनं तिकडे जात असे. हवालदार दुपारी बाराला गेला होता. त्या वेळी कुलूप नसतं तरच संशय घ्यायला हवा होता.

शेत सापडलं. मुलगी आणि महिला शिपाई बरोबर होत्या. बाया ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत मागे मागे सरकत होत्या आणि ओळ कुठे वाकडी होत नव्हती. ही कामं टोळी हुंड्यानं घेते. लग्नातला हुंडा नव्हे; अख्ख्या शेताचं काम एकत्र ठरवून घ्यायचं आणि मिळेल ते सारखं वाटायचं. हात चपळ असो की मंद, वाटा सारखा. टोळीची म्होरकी पन्नाशीची, उंच, कमरेला पदर खोचलेली. मला पाहून ती धुऱ्यावर आली, पण बाकीच्यांना हात थांबवू दिला नाही.

“पोट्टीनं काय केलं, सायेब?” तिनं आधी मुलीकडे पाहून विचारलं. “लिवलं त आमी सांगतलं तेच.”

तेच पाहायला आलो आहे, असं सांगून मी आमची पद्धत वापरली. एकीला बोलवायचं, बाभळीखाली बसवायचं, विचारायचं, दुसरीकडून पाठवायचं, म्हणजे आधीचीनं काय सांगितलं हे पुढचीला कळत नाही. या पद्धतीसमोर अट्टल दरोडेखोर तासाभरात एकमेकांना विकतात. इथे पहिल्या सहा जणींनी मला तेच वाक्य दिलं. बाकीच्या करतील तेच करीन. एकीनं तर माझं विचारून व्हायच्या आत दिलं.

सातवी म्हातारी होती. बसताना तिनं जमिनीला दोन्ही हात टेकले. मी विचारलं, यंत्र आलं तर काय करशील, आजी? तिनं वाक्य म्हटलं. मग मी जबाबाची वही मिटून बाजूला ठेवली. तिनं वहीकडे पाहिलं, मागे वळून टोळीकडे पाहिलं.

“मशीन आली त बरंच होईल, बापू,” ती म्हणाली. “मायी कंबर गेली. पर या बाया मले बरोबरीचा वाटा देतेत. माया हात अर्धा चालते, वाटा पुरा देतेत. मग म्या येगळं काहून बोलू? तुमी सांगा.”

“म्या सांगतलं ते कोनाले बोलू नका,” एवढं म्हणून ती उठली आणि पुन्हा ओळीत जाऊन वाकली.

नंतर मी म्होरकीलाच विचारलं. म्हातारीचं नाव न घेता, नुसतं, सगळ्यांचं बोलणं एक कसं? तिनं लपवलं नाही. काही वर्षांपूर्वी गावात दारिद्र्यरेषेची पाहणी झाली होती. विचारायला आलेल्यांना कोणी सांगितलं घरात पंखा आहे, कोणी सांगितलं नाही. खरं सांगणाऱ्यांची नावं कटली. दोन जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, बाया बाजू घेऊन भांडल्या, टोळी फुटली, आणि त्या साली गावची रोवणी परगावच्या टोळीनं नेली.

“तवापासून ठरवलं,” ती म्हणाली. “कोनी बी कागद घेऊन आलं का आमचं एकच बोलनं. कागद गेला का मग घरी जाऊन जिले जे बोलाचं ते बोला.”

“पण खरं काय ते कळायला नको का, बाई?”

“कोनाले? आमाले त मालूमच आहे.”

परतताना जीपमध्ये मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. ती हुशार होती. म्हातारी माझ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, हे तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळी सर ठाण्यात आले, तेव्हा मुलगी तिथेच होती. मी त्यांना आधी मुलीनं तिसरा नियम मोडल्याचं सांगितलं. ते तिला काढून टाकतील असं तिला वाटत होतं. मलाही थोडं वाटत होतं. त्यांनी चिखलाचा एक फॉर्म हातात घेतला आणि त्यावरच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, “काम स्वच्छ दिसलं पाहिजे, असं मीच म्हणालो होतो ना?” मग मुलीकडे वळून म्हणाले, “पुढच्या वेळी घाणच आण.”

त्यानंतर मी त्यांना टोळीचा ठराव सांगितला, आणि एकीनं वही मिटल्यावर वेगळं उत्तर दिलं, एवढंच सांगितलं. नाव मागितलं नाही त्यांनी. हे सांगायचं की नाही, यावर मी दुपारभर विचार केला होता. अर्ज दप्तरी दाखल करायला तेवढा चिखल पुरे होता. मीही गप्प बसलो असतो तर सरांचा अहवाल निर्दोष सुटत होता. त्यांना तसं म्हणालोही, की तुमची बाजू सिद्ध झाली आहे, आता खपली कशाला काढता? कंपनीला कळलं तर पुन्हा काम देणार नाही.

“तुमची केस संपली, साहेब,” सर म्हणाले. “माझी आत्ता सुरू झाली. फॉर्म खरे आहेत आणि अहवाल चुकीचा आहे.”

त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की त्या गावाबद्दलचा निष्कर्ष मागे घेत आहे. कारणांत स्वतःची न केलेली खातरजमा पहिली घातली. रोवणी आटोपल्यावर ते स्वतः गावात गेले. म्होरकीनं त्यांना तीन दिवस झुलवलं. शेवटी ती एका अटीवर तयार झाली, की कागदावर कोणाचं नाव नको आणि बाया एकेकट्या शाळेच्या खोलीत येतील, बाहेर कोणी उभं राहणार नाही. मुलगी विचारायला बसली. सर स्वतः शंभर पावलांवर, पारावर.

या वेळी बेचाळीस जणींची उत्तरं वेगवेगळी आली. कोणाला यंत्र हवं होतं, कोणाला त्याचं नाव काढलेलं चालत नव्हतं, आणि बऱ्याच जणींनी प्रश्नालाच प्रश्न केला, की मशीन चालवणार कोण, गडी का बाया? अहवाल नव्यानं लिहिला गेला. व्यवस्थापकांना हवं होतं त्याहून तो कमी होता आणि त्यांना भीती होती त्याहून बरा. पुढच्या हंगामात गावात एक यंत्र आलं, कंपनीनं ठरवलेली चार नाहीत. त्यांची खुर्ची टिकली. ‘गैरसमजातून अर्ज केला होता’ असं त्यांनी मला एका पानात लिहून दिलं. नऊ पानं चढायला लागतात, उतरायला एक पुरतं. पुढे त्या कंपनीनं सरांना पुन्हा काम दिलं, हे मला फार नंतर कळलं.

पडताळणीच्या कागदावर मी ‘आक्षेपार्ह काही नाही’ असं लिहून सही केली. सहीला इतका वेळ मी क्वचित लावला असेल. मुलीचा बाप पेढे घेऊन आला आणि या वेळी म्हटल्याबरोबर बसला.

या प्रकरणानं मला शिकवलं ते माझ्याच धंद्याविरुद्ध होतं. सगळे साक्षीदार सारखं बोलले की आम्ही एकतर केस पक्की झाली समजतो, नाहीतर साक्षीदार फोडायला बसतो. सारखं बोलण्यामागे कधी कधी नुसती एकमेकांची काळजी असते, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. आणि ती काळजीच खऱ्या उत्तराच्या आड उभी असते, हेही नव्हतं. बाभळीखाली माझी पद्धत हरली. वही मिटल्यावर उत्तर आलं. त्यानंतर कित्येक जबाब मी आधी वही मिटून ऐकले आणि मग उघडून लिहिले. वरिष्ठांना हे सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या दारावर एक तरुण बाई आली. भंडाऱ्यातल्या निवृत्त लोकांच्या घरखर्चाबद्दल पाहणी चालू होती. फॉर्मवरचं संस्थेचं नाव मी ओळखलं. सर आता थकलेत, पण जिन्यावरची पाटी तीच आहे. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी सहज विचारलं, शेजारचे कोषागारवाले काय म्हणाले?

“ते सांगता येत नाही, काका,” ती म्हणाली. “अन् काकूंना वेगळं विचारावं लागते. आमचा नियम आहे. दोघांपैकी एकानं बाहेर जा लागते.”

मी म्हणालो, आमच्या घरात उत्तर एकच आहे, मी सांगतो ते लिहा. इतका वेळ भाजी निवडत असलेल्या माझ्या बायकोनं मान वर केली.

“तुम्ही जरा अंगणात जा,” ती म्हणाली. “आधी मी सांगते.”

बत्तीस वर्षं मी लोकांना एकेकटं बसवून विचारत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी दाराच्या बाहेर उभा होतो. दार लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकच प्रश्न असावा असं वाटलं, पण तिचं उत्तर बराच वेळ चाललं.